लांबच्या लॉटमधली छोटी गाडी

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं बोल म्हणाले, आणि मी काय बोलले असेन? "सुजाता कधी उशिरा आली नाही." झालं. माइक विलासभाऊंच्या हातात दिला आणि खाली बसले. झूमवरून बघणाऱ्या तुझ्या नागपूरच्या भावाला वाटलं असेल, हीच का ती शैला, अकरा वर्षं हिच्या शेजारी गाडीत बसणारी? बाकीचे किती छान बोलले. वंदना झाली, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, डेट्रॉइटला शिकायला आलेली ती दोन पोरं, ज्यांना तू पहिल्या हिवाळ्यात जाड कोट नेऊन दिले होतेस, ती तर हमसून हमसून रडली. मी ढिम्म. बोलायला तोंड उघडलं की आपलं भांडणच बाहेर पडायला बघायचं, आणि गेलेल्या माणसाशी माइकवरून भांडणं काही बरं दिसत नाही. म्हणून घरी बसून लिहिते आहे.

तीन आठवडे झाले. सकाळी सव्वासातला मी अजूनही बूट घालून खिडकीशी उभी असते. मग लक्षात येतं. बूट काढते, ऑफिसला 'आज घरून काम करते' असा मेसेज टाकते आणि पुन्हा चहा टाकते. रडू येत नाही गं. नुसता थकवा येतो. दोन भांडी घासली तरी दम लागल्यासारखं होतं. लोक म्हणतात, स्वतःला कामात गुंतव. त्यांना काय सांगू, की कामाला जायचा रस्ताच तुझा होता.

आणि जाताना तू एक काम मागं ठेवून गेलीस, तेही नेमकं माझ्या गळ्यात. तुझी गाडी. करुणाला पिट्सबर्गच्या शाळेत ऑर्केस्ट्रा शिकवायची नोकरी लागली हे तुला माहीतच आहे. ती म्हणते, मी आईचीच गाडी घेऊन जाणार. विलासभाऊ म्हणतात, बायको गेली, आता एकुलत्या एका लेकीला त्या डब्यात बसवून ट्रकांच्या मधून पाच तास पाठवू? ते मराठीत, ती इंग्लिशमध्ये, दोघांचे आवाज चढत गेले. मी तुझ्या किचनमध्ये कोथिंबीर निवडत होते. एकदम दोघं माझ्याकडे वळले. "शैलाताई, तुम्ही सांगा," विलासभाऊ म्हणाले. "तुमचं आयुष्य गेलंय ह्या गाड्यांत. तुम्ही हो म्हणालात तर मी गप्प बसतो." करुणा म्हणाली, "फेअर. मावशी डिसाइड्स." रविवारी सकाळी सांगते म्हटलं आणि कोथिंबीर तशीच टाकून घरी आले.

आता बघ, काय अडकवून ठेवलंयस तू मला. ही गाडी ह्या देशात चालायची नाही, हे मी तुला इतक्या वेळा सांगितलंय की तू पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायचीस. आणि तू नेहमी तेच म्हणायचीस, "चालून तर राहिली ना बाप्पा, तू बसलीच आहेस तिच्यात." मग मी म्हणायचे, एक गाडी चालली म्हणजे देश बदलला का? आणि तू रेडिओचा आवाज वाढवायचीस. आपला हा वाद कधी संपला नाही. पुढं ढकलत राहिलो, रिटायर झाल्यावर निवांत भांडू म्हणून.

ह्याची सुरुवात तुझ्या इटलीच्या आठ महिन्यांनी झाली. आपण दोघी एकाच वर्षी गाड्यांच्या कंपनीत लागलो. तू बॉडीत, म्हणजे पत्रा, दारं, बिजागऱ्या. मी माणसं मोजण्यात, कोण गाडीत कसं बसतं, कुणाचा गुडघा कुठं आपटतो, आरशापर्यंत कुणाची मान वळते. कंपनीनं तुला तिकडच्या ऑफिसात पाठवलं आणि तू परत आलीस ती वेगळीच होऊन. आमच्या घरी पिठलं-भात खाताना तू सांगत होतीस, एवढीशी गल्ली, एवढीशी गाडी, आणि सत्तरीची बाई भाजीच्या पिशव्या घेऊन उतरते, दोन गाड्यांच्या फटीत तिरकी घुसवून. "शैले, आपण काऊन एवढं लोखंड घेऊन फिरतो गं? एका माणसाला ऑफिसला न्यायला दोन टनांची गाडी?" तुझे डोळे असे चमकत होते की मला हसूही आलं आणि थोडी असूयाही वाटली. मला कुणी इटलीला पाठवलं नव्हतं.

मग कंपनीला खरंच लहर आली. पेट्रोल महागलं होतं, तेव्हा तिकडची छोटी गाडी इथं आणायची ठरली, आणि इथल्या नियमांत बसवायच्या कामावर लीड म्हणून तुला नेमलं. मलाही वाटत होतं की लीड मी व्हावं. तुला कधी बोलले नाही. तुझ्यासाठी श्रीखंड घेऊन आले आणि घरी जाऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

आता ते ओहायोतल्या कोलंबस शहरातलं सांगते. हे तुला अर्धंच माहीत आहे.

गाडी बाजारात आणायच्या आधी साध्या लोकांना बोलावून दाखवायची, ही आपल्या धंद्याची रीत. भाड्याचा मोठा हॉल घ्यायचा, गाड्यांवरची नावं काळ्या टेपनं झाकायची, लोकांना कॉफी-डोनट द्यायचे, बसा म्हणायचं, दार लावून बघा म्हणायचं, आणि ते काय बोलतात ते लिहून घ्यायचं. ते काम माझं. कुठली गाडी कुठं उभी करायची, तेही माझं. आणि तुझी ती सुंदर छोटी गाडी, जिच्या दाराचा आवाज नीट यावा म्हणून तू वर्षभर डोकं खाल्लंस लोकांचं, ती मी कुठं उभी केली? आपल्या सगळ्यात मोठ्या पिकअप ट्रकच्या शेजारी. तिचं छत त्याच्या खिडकीलाही पोचत नव्हतं.

पहिलाच माणूस आत आला, चांगला उंचापुरा, डोक्यावर टोपी. ट्रककडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि म्हणाला, "अरे, ह्याला पिल्लू झालंय!" सगळा हॉल हसला. मीही हसले. तुम्ही इंजिनिअर लोक पडद्यामागं स्क्रीनवर बघत होता, हे मला माहीत होतं. तरी हसले. त्यानंतर दिवसभर जो येईल तो हसतच आत बसायचा. आवडायची त्यांना, असं नाही की आवडली नाही. बायका स्टिअरिंगवर हात फिरवायच्या, "क्यूट" म्हणायच्या. पण विकत घ्याल का विचारलं, की ट्रककडं बघून मान हलवायच्या. "हा आपटला तर माझं काय होईल?" मी ते सगळं जसंच्या तसं लिहिलं. एक शब्द खोटा लिहिला नाही.

परतीच्या प्रवासात टोलेडो आलं. मग एवढंच विचारलंस, "तू तिला तिथं काऊन उभी केली?" मी म्हणाले, हॉलमध्ये दुसरीकडं जागा नव्हती. आणि वर म्हणाले, "रस्त्यावर तिच्या शेजारी कोण असणार आहे, सायकली? खरं तेच दाखवलं." तू रेडिओचा आवाज वाढवलास.

जागा होती, सुजाता. डावीकडची अख्खी भिंत रिकामी होती. तिथं कॉफीचं टेबल होतं, ते सरकवलं असतं की झालं असतं. आदल्या दिवशी मी त्या भिंतीकडं बघून विचारही केला होता, की इथं एकटी उभी केली तर काय सुरेख दिसेल ही. आणि मुद्दाम नाही केली. का? कारण एकदा तरी तू हरावीस असं मला वाटत होतं. एवढंच कारण. मोठं काही नाही. लाज वाटते लिहिताना.

मी एकटीनं तुझी गाडी मारली, असं मी म्हणत नाही. तेवढी मोठी मी कुणी नव्हते. मग पेट्रोल उतरलं, वरचे साहेब बदलले, आणि सहा महिन्यांनी प्रोजेक्ट गुंडाळला. पण मीटिंगमध्ये ज्यानं तो बंद करायचा ठराव मांडला, त्यानं पहिल्या स्लाइडवर तो पिल्लाचा विनोद लावला होता. सगळे पुन्हा हसले. ह्या वेळी मी हसले नाही, पण त्याचा काय उपयोग?

दुसरी कुणी असती तर रडली असती, नोकरी सोडली असती. तू काय केलंस? अ‍ॅन आर्बरच्या एका रिटायर्ड मास्तरीणबाईंकडून जुनी युरोपियन गाडी घेतलीस. तीन दारांची, हाताचा गिअर असलेली, पिवळी. तीही दुसऱ्याच कंपनीची, जी इथं चार वर्षं विकून गाशा गुंडाळून परत गेली होती. इथं मिशिगनात दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन आपल्या ऑफिसात यायचं म्हणजे सासरच्या पंगतीत बसून माहेरच्या वरणाचं कौतुक करण्यासारखं. आपल्या गाड्या दारापाशी, आणि परक्यांच्या गाड्या तिकडं लांबच्या पार्किंग लॉटमध्ये, कुंपणाशी, जिथं बर्फ काढायची गाडीही सगळ्यात शेवटी येते. सिक्युरिटीवाला तुला पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, चुकून आलात का?" तू म्हणालीस, "नाही, रोज येणार." आणि आलीस.

तू एकदा विचारलं होतंस, तुझी मोठी गाडी दारापाशी लावता येत असताना तू माझ्याबरोबर लांबच्या लॉटमधून चालत काऊन येतेस? मी म्हणाले, मला सकाळचं ड्राइव्ह करायचा कंटाळा. तू विश्वास ठेवलास. खोटं होतं गं. मला ड्राइव्ह करायला आवडतं. जानेवारीतल्या त्या वाऱ्यात, नाक गळत, घोट्याएवढ्या बर्फातून तुझ्या मागं मागं चालताना मला वाटायचं, थोडं फिटतंय. अकरा वर्षं चालले. कधी फिटलं असं वाटलं नाही, पण सवय झाली, आणि मग तुझ्याशिवाय दिवस सुरू होईना.

आणि त्या गाडीतली आपली ती पंचवीस मिनिटं! मी दहा वेळा तिला डबा म्हणायचे आणि तू अकराव्यांदाही चिडायचीस. तुझ्या करुणाच्या सगळ्या परीक्षा, माझ्या सासूबाईंची दोन ऑपरेशनं, तुझ्या आईचं जाणं, माझी पाळी गेली तेव्हाची माझी ती सगळी चिडचिड, सगळं त्या दोन सीटांवर झालं. बाबासाहेबांच्या जयंतीला तू ऑफिसात पेढे वाटायचीस आणि आदल्या दिवशी तो बॉक्स माझ्या मांडीवर असायचा. तुझे बाबा रेल्वेत होते, तुला इंजिनिअर करायचं म्हणून त्यांनी किती जणांचं बोलणं ऐकून घेतलं, हे तू मला एकदाच सांगितलंस, सिग्नलला, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर विषय बदललास. मी त्यावर काय बोलायला हवं होतं ते मला कळलं नाही. अजून कळत नाही.

पण तुझा तोराही काही कमी नव्हता हं. विलासभाऊंचे आईवडील पहिल्यांदा आले तेव्हा आठवतंय? चार मोठ्या बॅगा, दोन माणसं, त्यात लोणच्याची बरणी. मला फोन. "शैले, तुझा टेम्पो घेऊन ये ना एअरपोर्टवर." मंडळात कुणाच्या बारशाला सामान न्यायचं तर मला फोन, घर बदललंत तेव्हा मला फोन, इंडियन स्टोअरमधून मंडळाच्या स्वयंपाकाचा तांदूळ आणायचा तरी मलाच फोन. मी तुला म्हणायचे, तुझी छोटी गाडी माझ्या मोठ्या गाडीच्या जिवावर उड्या मारते. तू काय म्हणायचीस? "मग बरंच आहे ना. प्रत्येकाकडे कशाला पाहिजे टेम्पो? गल्लीत एक पुरे." मी हात टेकायचे.

मग तुझं दुखणं निघालं. पोटात दुखतं, पोटात दुखतं म्हणत होतीस, आणि मी म्हणाले होते, मसाला भात कमी खा. माझं कप्पाळ. चार महिन्यांत सगळं आटोपलं.

दर मंगळवारी केमोला न्यायचं मी ठरवून टाकलं, कारण विलासभाऊंना मंगळवारी सुट्टी मिळत नव्हती. पहिल्या मंगळवारी मी माझी गाडी घेऊन आले, गरम सीट, उशी, सगळी तयारी करून. आणि तुला त्या गाडीत चढता येईना. एक पाय वर ठेवलास, दार धरलंस, आणि अंग काही वर उचलेना. मी आयुष्यभर लोकांना गाडीत बसवायची मापं काढली, सुजाता. कुठल्या उंचीची सीट कुणाला सोयीची, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि माझी मैत्रीण माझ्याच गाडीच्या दाराशी लटकली होती. विलासभाऊ घरातून प्लास्टिकचं स्टूल घेऊन आले. तू त्या स्टुलाकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मी काय पेरू तोडायला चढून राहिली का? माझी गाडी काढा."

तिची सीट नेमकी खुर्चीएवढ्या उंचीची. तू नुसती टेकलीस आणि पाय आत घेतलेस.

पण चालवायची मी! हाताचा गिअर मी सांगलीत वडिलांच्या जीपवर शेवटचा टाकला होता. बिग बीव्हर रोडच्या सिग्नलला हिरवा झाला आणि गाडी आचके देऊन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागं हा एवढा मोठा ट्रक, त्यानं हॉर्नवर हातच ठेवला. मला घाम फुटला. आणि तू, तोंडाला चव नाही, अंगावर दोन शाली, तू खिडकी खाली करून त्याला हात केलास, राणीसारखा, आणि मला म्हणालीस, "क्लच दाब बाई. पूर्ण. आता हळू सोड. मोजमाप करू नको, पायाला विचार." त्यानंतर आपण दोघी एवढ्या हसलो की हॉस्पिटलच्या नर्सला वाटलं, आज कोणीतरी चांगली बातमी दिली.

त्या मंगळवारांमध्ये मला कळलं की मला ही गाडी आवडते. हलकी वाटते. सगळं हाताशी येतं. कुठंही मावते. तुला सांगायला हवं होतं. पण मी अगदी शेवटच्या मंगळवारीसुद्धा "डब्याचं हीटर काही धड नाही" एवढंच बोलले. आणि भिंतीचंही सांगायचं होतं. तू डोळे मिटून बसायचीस, मला वाटायचं, पुढच्या वेळी सांगू, आज दमली आहे. चौदा मंगळवार मला पुरले नाहीत.

आणि आता तू गेल्यावर, काय गंमत बघ, परत छोट्या गाड्यांची चर्चा सुरू झालीय इथं. नियम बदलणार, इथंच बनवणार, परदेशात चालतात मग आपल्याकडं का नाही, असं टीव्हीवर बोलतात. ऑफिसमधली नवीन पोरं मला विचारतात, लोक घेतील का हो? मी खांदे उडवते. पूर्वी मी ठासून नाही म्हणायचे, आता नाही म्हणायलाही ताकद लागते. सकाळी खिडकीतून बघते, आपल्या ह्या ट्रॉय गावच्या रस्त्यावर दर वर्षी गाड्या आणखी उंच होतात. त्यांच्या बॉनेटमागून मला शाळेत जाणारी मुलं दिसत नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शैले, माझी गाडी लहान आहे म्हणून धोका नाही, तुमच्या वाढून राहिल्या म्हणून आहे." हे तू म्हणालीही होतीस.

पण करुणाचं काय? शनिवारी मी दिवसभर तेच करत बसले. कागद घेऊन वजनं लिहिली, वेग लिहिले, पुसले. त्यात माझी हुशारी नको नि तुझी हुशारी नको, जड गाडी हलक्या गाडीला आदळली की हलकीतल्या माणसाला जास्त लागतं. हे बदलत नाही. तू स्वतःच्या जिवावर चालवलीस ते तुझं तू ठरवलंस. पण मी हो म्हणायचं, आणि ओहायोच्या हायवेवर काही झालं, तर मी विलासभाऊंना तोंड कसं दाखवू? आणि नाही म्हणायचं, म्हणजे तुझी गाडी दुसऱ्यांदा माझ्याच तोंडून बाद व्हायची. मी काय करू, सांग ना. फोन उचलून तुलाच विचारणार होते, इतकी सवय वाईट.

रविवारी दहाला गेले. ड्राइव्हवेमध्ये तुझी गाडी दाराकडं तोंड न करता रस्त्याकडं तोंड करून उभी होती, मागची सीट आडवी, तिच्यावर खोकी आणि व्हायोलिनची केस. मला वाटलं, सामान साठवायला ठेवलं असेल. आम्ही तिघं किचनच्या टेबलाशी बसलो. विलासभाऊंनी चहा केला होता, फार गोड.

मी नाही म्हणाले, सुजाता.

सगळं सांगितलं. वजनाचं सांगितलं, ट्रकांचं सांगितलं, गाडी जुनी आहे, पार्ट मिळत नाहीत हे सांगितलं. "मला ही गाडी आवडते," असंही म्हणाले, पहिल्यांदाच, तुझ्या घरात, तू नसताना. "पण तू माझ्या मैत्रिणीची एकुलती एक आहेस. माझ्याच्यानं हो म्हणवत नाही." आणि मग मला एवढं रडू आलं, तीन आठवड्यांचं, की चहाचा कप हातातच राहिला. विलासभाऊंनी नुसता मोठा श्वास सोडला. करुणा हनुवटीवर हात ठेवून, तुझ्यासारखीच, सगळं ऐकत होती. एकदाही मधे बोलली नाही.

मग उठली, मला घट्ट मिठी मारली, म्हणाली, "ओके. थँक यू, मावशी." आणि फ्रिजवरची किल्ली घेतली.

"अगं, नाही म्हटलं ना मी?"

"आय नो. आई सेड यू वुड."

ती म्हणाली, हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात, तू तिला सांगितलंस. गाडी तुझी, पण आधी शैलामावशीला विचार. ती नाही म्हणेल. पूर्ण ऐकून घे, मधे बोलू नकोस, तिला बरं वाटू दे. मग घेऊन जा.

"मग विचारलंस कशाला मला?"

"बिकॉज शी सेड, कोणी विचारलं नाही तर यू वुड बी हर्ट." मराठी-इंग्लिशची तिची ती भेळ. "अँड शी सेड, मावशी जे सांगेल ना, ते खरं असतं. सो ड्राइव्ह लाइक इट्स ट्रू."

विलासभाऊ उठले, म्हणाले, "अगं पण बेटा, अमेरिकन लोक कोणी चालवतात का असली गाडी?"

आणि ती पोरगी हसून म्हणते, "बाबा, मी अमेरिकनच आहे."

सुजाता, त्या हॉलमध्ये आपण दिवसभर लोकांना विचारत होतो. टोपीवाल्यांना विचारलं, आज्यांना विचारलं, सेल्समनना विचारलं. तेव्हा करुणा अकरा वर्षांची होती. मग तुझ्या त्या पिवळ्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची, शाळेपर्यंत गाणी म्हणायची, सोळाव्या वर्षी तुझ्याकडून गिअर शिकली. तिला विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. माणसं मोजण्यात माझं आयुष्य गेलं आणि घरातलं माणूस मोजायचं राहिलं.

विलासभाऊंनी मग वाद घातला नाही. बाहेर जाऊन चारी टायरची हवा बघितली, काच पुसली, पुन्हा पुसली. मी तिला सांगितलं, ट्रकच्या बाजूनं रेंगाळू नकोस, एकतर पुढं जा नाहीतर मागं राहा, त्याच्या आरशात दिसशील अशी राहा. तिनं "हो मावशी" म्हटलं, अगदी मराठीत. गाडी पहिल्या झटक्यात चालू केली, एकही आचका नाही, आणि गेली. कोपऱ्यावर इंडिकेटर दिला, वळली, दिसेनाशी झाली. विलासभाऊंचा हात कितीतरी वेळ वरच होता.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, 'रीच्ड. पार्क्ड इन टू सेकंड्स.'

मी हरले, सुजाता. चांगली सपाटून हरले. इतकी वर्षं तू ज्याची वाट बघितलीस ते झालं, माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मला चिडवायला तू नाहीस. डावीकडची भिंत रिकामी होती गं. हे ऐकून तू काय बोलली असतीस, शिव्या दिल्या असत्यास की रेडिओ मोठा केला असतास, ते आता मला कधीच कळणार नाही.